‘पिढी’ या शब्दाने घातलेला घोळ

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मेडिकलमध्ये डोकेदुखीची गोळी घ्यायला थांबलो होतो. माझ्या पुढे पंचेचाळिशीचा एक माणूस उभा होता. मानेवर, कॉलरच्या जरा वर, लालबुंद गळू. त्याने खिशातून स्ट्रिपचा कात्रीने कापलेला तुकडा काढून काउंटरवर ठेवला. ‘‘ह्यातल्या सहा द्या. मागे तापाला दिल्या होत्या डॉक्टरांनी, दोन दिवसांत ताप उतरला. थर्ड जनरेशन आहे, स्ट्राँग असते.’’ तुकडा सेफिक्सीम दोनशेचा होता.

विद्यार्थी माझ्याकडे बघून ओशाळला. ‘‘काका, एकदा डॉक्टरांना दाखवा ना,’’ असं काहीसं पुटपुटला. काकांनी तुकडा उचलला आणि समोरच्या दुकानाकडे बोट दाखवलं, ‘‘तिथं मिळतात.’’ मिळाल्याही असतील.

चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागितलं, हा यातला उघड दोष. त्यावर भाषणं पुष्कळ होतात. मला जास्त बोचलं ते दुसरंच. गळवामागे बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू असतो आणि सेफिक्सीम त्याच्यावर जवळजवळ चालतच नाही. त्याच घराण्यातलं ‘पहिल्या पिढीचं’ जुनं सेफालेक्सिन चालतं. म्हणजे काकांना डॉक्टरांनी बघून, चिठ्ठी देऊन तीच गोळी लिहिली असती, तरी ती चुकीचीच ठरली असती. आणि तशी ती लिहिली जाते. फोन फोर-जीवरून फाइव्ह-जीवर जातो तसं औषधही पिढीगणिक वर चढतं, हा समज फक्त गिऱ्हाइकांचा नाही. तो चिठ्ठी लिहिणाऱ्यांच्या हातातही उतरलेला आहे. माझं म्हणणं असं की सेफालोस्पोरिनच्या, म्हणजे सेफिक्सीम-सेफालेक्सिनच्या या घराण्याच्या, बाबतीत ‘पिढी’ हा शब्द आता दवाखान्यातून, काउंटरवरून आणि आमच्या वर्गातूनही काढून टाकावा. रसायनशास्त्र त्याला अजिबात दुजोरा देत नाही.

फार्मसीच्या वर्गात मी हे औषध फळ्यावर काढतो तेव्हा सुरुवात एका चौकोनापासून होते. बीटा-लॅक्टम म्हणजे चार अणूंचं कडं. कार्बन-नायट्रोजनच्या बंधांना असा काटकोनात वाकून बसायला आवडत नाही. कडं ताणलेलं असतं, उघडायला टपलेलं. जंतूला आपली भिंत विणायची असते, त्यासाठी त्याचं एक विकर (एन्झाइम) दोन डी-ॲलॅनिनची टोकं पकडून सांधतं. हे चौकोनी कडं त्या टोकांसारखं दिसतं. विकर फसतं, कडं पकडतं, कडं उघडतं आणि विकराला कायमचं चिकटून बसतं. भिंत अर्धवट राहते, जंतू फुटतो. पेनिसिलिन आणि सेफालोस्पोरिन दोघांचीही युक्ती हीच. फरक शेजारच्या कड्यात. पेनिसिलिनला पाच अणूंचं कडं जोडलेलं, सेफालोस्पोरिनला सहा अणूंचं. सहाच्या कड्यात जागा जास्त, आणि माणसाला फेरफार करायला हात घालता येतो अशी ठिकाणं दोन: सात नंबर आणि तीन नंबर.

सात नंबरला काय लटकवलं यावर औषध कोणत्या जंतूला लागेल आणि जंतूच्या कात्रीपासून, म्हणजे औषध तोडणाऱ्या त्याच्या विकरापासून, किती वाचेल हे बरंचसं ठरतं. तीन नंबरला काय लावलं यावर ते शरीरात किती वेळ टिकेल, कुठून बाहेर पडेल हे बरंचसं ठरतं. घराणं मोठं आहे, पण कारभार मुख्यतः या दोन खुंट्यांवर चालतो. आणि प्रत्येक खुंटीवर काही टांगलं की काहीतरी उतरवावं लागतं. पिढी हा शब्द नेमकं हेच झाकतो.

सेफालेक्सिनचं उदाहरण घ्या. सात नंबरला फिनाइलग्लायसिन, म्हणजे ॲम्पिसिलिनचीच शेपटी. तीन नंबरला साधा मिथाइल. आतड्याच्या अस्तरात प्रथिनांचे तुकडे उचलून आत घेणारे वाहक असतात. त्यांना हे औषध तसाच एखादा तुकडा वाटतं, म्हणून ते तोंडाने घेतलं तरी छान शोषलं जातं. त्वचेवरच्या स्टॅफला ते चांगलं लागतं. पण पोटातल्या, लघवीतल्या हट्टी ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे ई. कोलायसारख्या, जंतूंनी कात्री काढली की ते टिकत नाही.

मग १९७० च्या दशकात रसायनतज्ज्ञांनी सात नंबरला अमिनोथायाझोलचं कडं आणि त्याला खेटून ऑक्सिम नावाचा एक अणुगट बसवला. ऑक्सिमची दिशा महत्त्वाची. तो एका बाजूला वळलेला असेल तर लॅक्टमच्या चौकोनावर छत्री धरल्यासारखा बसतो आणि जंतूच्या बीटा-लॅक्टमेज विकराला, म्हणजे त्या कात्रीला, आत शिरू देत नाही. उलट बाजूला वळला की ती छत्रीच नाही. सेफोटॅक्सिम, सेफ्ट्रायॅक्सोन याच छत्रीवर उभी राहिली. सेफिक्सीम आणि सेफ्टाझिडिममध्ये एक पाऊल पुढे जाऊन ऑक्सिमच्या टोकाला आम्लाचा गट लावला. ग्रॅम-निगेटिव्हवरचा मारा वाढला. पण त्याच आम्लामुळे स्टॅफच्या विकराशी गट्टी तुटली. काकांच्या गळवाची गोष्ट इथे संपते: त्या एका आम्लाच्या गटात. ‘स्ट्राँग’ गोळी स्टॅफपुरती दुबळी झाली ती चुकून नाही. ती किंमत मोजूनच तिला दुसरीकडचं बळ दिलेलं आहे.

हे मी दरवर्षी शिकवतो. मुलं परीक्षेत लिहितातही, आकृतीसकट. पण ‘फर्स्ट जनरेशन, सेकंड जनरेशन’ असा तक्ता पाठ केल्यावर डोक्यात जिना तयार होतो आणि तो आयुष्यभर राहतो. चूक आमचीही आहे. तक्ता सोपा, म्हणून आम्हीही तोच विचारतो.

जिना चढण्याची सवय ऑपरेशन थिएटरमध्येही दिसते. हाड बसवायचं असो की हर्निया, चिरण्याआधी तासाभरात द्यायचं औषध म्हणून जगभरच्या मार्गदर्शिका सेफाझोलिनचं नाव घेतात. ते पहिल्या पिढीचं. कातडीवरचे जंतू जखमेत जाऊ नयेत एवढंच काम, आणि ते त्याला येतं. साध्या शस्त्रक्रियेला बहुधा एक डोस पुरतो. आमच्या नात्यातल्या एका बाईंच्या साध्या ऑपरेशननंतर पाच दिवस सकाळ-संध्याकाळ सेफ्ट्रायॅक्सोन चालू होतं. का, असं विचारल्यावर ‘‘कव्हर लागतं ना’’ एवढंच उत्तर मिळालं. कव्हर हा शब्दही फार पाणी भरतो आपल्याकडे.

सेफ्ट्रायॅक्सोन तसं अप्रतिम औषध आहे, हे मला कबूल करायलाच हवं. मेंदूज्वर झालेल्या मुलाला ते दिलं आणि मूल शुद्धीवर आलं, हे पाहिलेला माणूस त्याच्याविरुद्ध सहज बोलणार नाही. त्याच्या तीन नंबरला ट्रायॅझिनचं एक आम्लधर्मी कडं आहे. औषध रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटून राहतं, सावकाश बाहेर पडतं आणि अर्धायुष्य, म्हणजे औषध निम्मं उरायला लागणारा वेळ, आठ तासांच्या घरात जातं. बाकीच्यांना दिवसात तीन-चार सुया लागतात, याला एक पुरते. रोज एक सुई! छोट्या नर्सिंग होमला, रात्रपाळीच्या सिस्टरला, घरी जाऊ द्या म्हणणाऱ्या पेशंटला, सगळ्यांना सोयीचं. आणि सोय झाली की घोडं इथेच पेंड खातं. जे औषध मेंदूज्वरासाठी हाताशी हवं ते साध्या घशासाठी टोचलं जातं, कारण टोचणं सोपं आहे. शिवाय त्याचा मोठा हिस्सा पित्तावाटे आतड्यात उतरतो. आतड्यात अब्जावधी निरुपद्रवी जंतू नांदत असतात, त्यांच्यावर हा मारा होतो. जे वाचतात ते वाचण्याची विद्या जवळ बाळगणारे असतात.

ती विद्या कुठवर पोचली आहे? जंतूंनी ऑक्सिमची छत्री ओलांडणारी विकरं मिळवली, त्यांचं एक मोठं कुटुंब सीटीएक्स-एम या नावाने ओळखलं जातं. नावातली सीटीएक्स ही अक्षरं सेफोटॅक्सिमवरूनच आली आणि एम म्युनिकवरून. म्हणजे औषधाने आपल्या मारेकऱ्याला स्वतःचं नाव दिलं. या विकराचं मूळ क्लुयवेरा नावाच्या एका साध्या, निसर्गात राहणाऱ्या जंतूच्या गुणसूत्रात होतं. तिथून ते उडी मारून प्लास्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर, बसलं आणि प्लास्मिड एका जंतूकडून दुसऱ्याकडे उसनवारीने फिरू लागला. यातला आज जगभर सर्वाधिक पसरलेला प्रकार सीटीएक्स-एम-१५. त्याची पहिली नोंद झाली ती १९९९ मध्ये दिल्लीत गोळा केलेल्या नमुन्यांतून. दिल्लीचं नाव आलं म्हणून रागावण्यात अर्थ नाही, जंतूला पासपोर्ट नसतो. पण आपल्या रुग्णालयांतून तपासलेल्या ई. कोलायवर तिसऱ्या पिढीची औषधं बहुतांश वेळा निकामी ठरतात, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अहवालांत वर्षानुवर्षं येतं आहे. जिन्याची वरची पायरी आपण वापरून वापरून झिजवली.

सेफालोस्पोरिनचा जन्मच सांडपाण्यातला आहे. सार्डिनिया बेटावरच्या काल्यारी शहरात १९४५ मध्ये जुझेप्पे ब्रोत्झू नावाचे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. शहराची गटारं जिथे समुद्रात उतरत तिथेच पोरंटोरं पोहत, तरी टायफॉइडचा म्हणावा तसा कहर होत नव्हता. पाण्यातच काहीतरी जंतू मारत असेल, असा त्यांनी तर्क केला आणि गटाराच्या तोंडाशी एक बुरशी पकडली. तिचा कच्चा अर्क त्यांनी गळवांवर आणि टायफॉइडच्या रुग्णांवर वापरून पाहिला. १९४८ मध्ये एका स्थानिक संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी ते छापलं. पुढे बुरशी ऑक्सफर्डला पेनिसिलिनवाल्या हॉवर्ड फ्लोरींच्या प्रयोगशाळेत पोचली. तिथे एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांना १९५३ मध्ये त्यात सेफालोस्पोरिन-सी सापडलं. मारा अगदी मंद, पण पेनिसिलिन फोडणाऱ्या विकराला ते दाद देत नव्हतं. १९६१ मध्ये डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनी त्याची रचना पक्की केली. निसर्गाने सात नंबरला टांगलेली शेपटी कापून तिथे हवी ती लावता येऊ लागली तेव्हा खरा कारखाना सुरू झाला. १९६४ मध्ये सेफालोथिन बाजारात आलं.

गटार आणि टायफॉइड या दोन शब्दांनी सुरू झालेली गोष्ट २०१६ मध्ये सिंधमधल्या हैदराबादेत त्याच दोन शब्दांशी परत आली. तिथे असा टायफॉइड पसरला की ज्याच्या जंतूने सीटीएक्स-एम-१५ चा प्लास्मिड उचलला होता. सेफ्ट्रायॅक्सोन चालेना, आधीची औषधं तर केव्हाच गेली होती. तोंडाने घ्यायचं उरलं ॲझिथ्रोमायसिन, नाहीतर कार्बापेनेम कुळातल्या औषधाची सलाईन. दूषित पाणी हा तिथला रस्ता. आपल्याकडेही टायफॉइड म्हटलं की हात सेफिक्सीम-सेफ्ट्रायॅक्सोनकडेच जातो. त्यातही ‘टायफॉइड निघाला’ याचा अर्थ बहुधा विडाल चाचणीचा एक आकडा. ही चाचणी आपल्यासारख्या देशात एकट्याने फारसं काही सिद्ध करत नाही, रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघणं, लागतं. न झालेल्या टायफॉइडवर किती सेफिक्सीम वाहून गेलं असेल, देव जाणे.

म्हणून नवी मुंबई महापालिकेचं मला अप्रूप वाटतं. २०१८ मध्ये तिने मुलांना टायफॉइडची कॉन्जुगेट लस द्यायची मोहीम घेतली. सरकारी पातळीवर ही लस अशी देणारी ती जगातली पहिली. लाखावर मुलांना लस मिळाली. नव्या पिढीच्या गोळीपेक्षा ही एक सुई मला जास्त आधुनिक वाटते.

कायद्याने काहीच केलं नाही असं नाही. २०१३ मध्ये शेड्यूल एच-वन ही औषधांची यादी आली आणि मार्च २०१४ पासून लागू झाली. सेफिक्सीम, सेफ्ट्रायॅक्सोन, सेफपोडॉक्सिम, सेफेपिम सगळी तीत आहेत. चिठ्ठी हवी, डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं, रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. स्ट्रिपवर लाल चौकट. ती चौकट एकदा भिंगाखाली धरून वाचा. धोक्याची सूचना इंग्रजीत आहे, मुंगीच्या अक्षरात. पंढरपूरच्या किंवा पेणच्या माणसाला ती लाल रेघ म्हणजे कंपनीची नक्षी वाटते. काही दुकानांत ते रजिस्टर आठवड्याच्या शेवटी एका बैठकीत भरून निघतं, हे माझे विद्यार्थीच मला हसत हसत सांगतात. मला हसू येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिक्सची वेगळी वाटणी केली. पहिल्या गटात सर्रास मिळायला हवीत अशी, दुसऱ्यात जपून वापरायची, तिसऱ्यात अगदी राखून ठेवायची. सेफालेक्सिन आणि सेफाझोलिन पहिल्या गटात. सेफिक्सीम आणि सेफ्ट्रायॅक्सोन दुसऱ्या. सेफिडेरोकॉल, म्हणजे जंतूला लोखंडाचं आमिष दाखवून आत शिरणारं नवं औषध, तिसऱ्या. या वाटणीत वर-खाली नाही. काम कोणतं आणि जपायचं किती, एवढंच ती विचारते. पिढीच्या जागी हीच भाषा यावी असा माझा आग्रह आहे. स्ट्रिपवर लाल रेघेच्या जागी, वाचता येईल अशा अक्षरात, राज्याच्या भाषेत एक शब्द छापा: ‘सर्रास’, ‘जपून’, ‘राखीव’. कंपन्या म्हणतील, बावीस भाषांत स्ट्रिप कशी छापायची? याच कंपन्या एकाच औषधाला आठ ब्रँडनावं देऊन आठ रंगांच्या स्ट्रिपा छापतात. इच्छा असली की छपाईयंत्र आडवं येत नाही.

सेफिक्सीमसोबत ओफ्लॉक्सासिन किंवा ॲझिथ्रोमायसिन एकाच गोळीत कोंबलेली जोडगोळीही बाजारात असते. दोन वेगळ्या कुळांची, दोन वेगळ्या वेळापत्रकांची औषधं, निदान नक्की नाही म्हणून एकत्र. आरोग्य संघटनेच्या शिफारस न करण्याच्या यादीत अशा जोड्या आहेत. सरकारने २०१६ मध्ये ३४४ आणि २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर बंदी आणली, कोर्टकज्जे झाले, काही मिश्रणं गेली, काही राहिली. या जोडगोळ्यांबद्दल माझ्याकडे समजूतदार शब्द नाहीत.

आता दुसरी बाजू. मला ओळखणारे एक ग्रामीण डॉक्टर म्हणतात, ‘‘तुझं फळ्यावरचं बरोबर आहे. माझ्याकडे कल्चर नाही, पेशंट उद्या परत येईल याची खात्री नाही, तालुक्याला जायला त्याची मजुरी बुडते. मी जरा मोठं जाळं टाकतो.’’ हा युक्तिवाद मी झटकून टाकत नाही. पण जाळं मोठं असतं कुठे? गळवाला, पिकलेल्या जखमेला, केसतोडाला सेफिक्सीम देणं म्हणजे मासा ज्या बाजूला आहे तिकडचं जाळं फाटकं असताना फेकणं. कल्चर नसताना अंदाजच बांधायचा असेल तर तो रोगाच्या जागेवरून बांधता येतो, आणि त्याला यंत्र लागत नाही. शिवाय योग्य जागी जुनं औषध अनेकदा स्वस्तही पडतं. सेफालेक्सिनचा गाभा पेनिसिलिनपासून, त्याचं पाचाचं कडं सहाचं करून बनतो.

राहिला प्रश्न काउंटरमागच्या माणसाचा. तो या साखळीत एकटाच असा की ज्याने ही सगळी रसायनं शिकून पदवी घेतलेली असते. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी पेशंटशी बोलणं, समजावणं हे त्याचं कामच ठरवलं आहे. मुळात भिंतीवरच्या लायसन्समधला माणूस दुकानात हजर असायला हवा, हे वेगळं रडगाणं. पण जिथे तो असतो तिथे त्याला काय काय सांगता येईल! सेफ्युरॉक्सिम आणि सेफपोडॉक्सिमच्या गोळ्या जेवणाबरोबर घ्या, कारण त्यांच्या आम्लावर एस्टरची टोपी घातलेली असते आणि पोटात अन्न असलं की त्या जास्त शोषल्या जातात. सेफपोडॉक्सिमवर लगेच ॲसिडिटीचं औषध पिऊ नका. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे म्हणून सगळ्या सेफालोस्पोरिनला घाबरू नका, पण डॉक्टरांना ते सांगितल्याशिवाय घेऊही नका. धोका बहुधा चौकोनापेक्षा सात नंबरच्या शेपटीत असतो, आणि सेफालेक्सिनची शेपटी ॲम्पिसिलिनचीच आहे.

आणि लहान मुलांचं ड्राय सिरप. बाटलीत पावडर का असते, तयार औषध का नसतं, हे कधी कुणी आईला सांगितलंय? पाण्यात तो ताणलेला चौकोन हळूहळू उघडतो. उघडला की औषध संपलं. रंग-वास तसाच राहतो, गोड चव तशीच राहते. म्हणून उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं आणि लेबलवर लिहिलेल्या दिवसांत, सात किंवा चौदा, संपवायचं किंवा ओतून द्यायचं. आपल्या फ्रीजच्या दारात, सॉसच्या बाटलीशेजारी, गेल्या तापाची अर्धी बाटली पुढच्या तापासाठी उभी असते. माझ्या बहिणीच्या फ्रीजमधली मी दिवाळीत ओतली तेव्हा ती म्हणाली, ‘‘अरे, थर्ड जनरेशनचं होतं ते, महागाचं.’’

यंदा तोंडी परीक्षेत मी तक्ता विचारला नाही. मुलांसमोर सेफिक्सीमची स्ट्रिप ठेवली आणि म्हटलं, ‘‘मानेवर गळू घेऊन माणूस आलाय, चिठ्ठी नाही. मला काका समज, काय सांगशील?’’ बरीच मुलं गडबडली. एका मुलीने फळ्यावर सात नंबर काढला, ऑक्सिमच्या टोकाच्या आम्लावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘‘काका, हे इथे लागत नाही. डॉक्टरांना गळू दाखवा, ते चिरायचंसुद्धा असू शकतं.’’ मग जरा थांबून, ‘‘पण सर, मालकांनी गिऱ्हाईक घालवलं म्हणून मला काढलं, तर?’’

बाहेरचे परीक्षक हसले. मी मार्क लिहिले आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.